विजेचा ससा आणि खरा कुत्रा

वीज म्हटली की आपल्या खापरखेड्याच्या माणसाच्या डोळ्यांपुढे कोळशाच्या वाघिणी येतात, उंच धुराडी येतात, राखेचे ढीग येतात. विजेने गिरण्या चालतात, विहिरीवरचे पंप चालतात, घरोघरी दिवे लागतात. पण याच विजेने सुमारे शंभर वर्षांपूर्वी एक ससा पळविला. त्या सशामागे कुत्रे पळाले, आणि त्या कुत्र्यांमागे इंग्लंडातील लक्षावधी माणसे पळाली. ही गोष्ट करमणुकीची वाटेल, आणि काही अंशी ती तशी आहेही. परंतु मला ती सांगावीशी वाटते ती वेगळ्या कारणाने. आपल्या विदर्भात शंकरपटाचा वाद न्यायालयापासून चावडीपर्यंत सर्वत्र झाला. ‘जनावराला पळायला आवडते, मग त्याला पळविण्यात दोष कोणता?’ असा प्रश्न त्या वादात पुन्हा पुन्हा विचारला गेला. प्रश्न खरा आहे. त्याचे उत्तर शोधायचे तर ज्या प्राण्याला पळण्याची आवड सर्वांत अधिक, त्याच्याकडेच गेले पाहिजे. तो प्राणी म्हणजे ग्रेहाउंड जातीचा कुत्रा.

कुत्र्यांत शिकारीचे दोन मुख्य प्रकार आहेत. काही कुत्रे वासावर शिकार करतात. नाक जमिनीला लावून माग काढीत जातात. काही नजरेवर शिकार करतात. लांबवर काही हलले की ते टिपतात आणि एका दमात ते अंतर तोडतात. ग्रेहाउंड हा दुसऱ्या प्रकारातला. त्याचा भाऊबंद आपल्याला अगदी अपरिचित नाही. दक्षिण महाराष्ट्र, मराठवाडा आणि उत्तर कर्नाटक या मुलखात लांब तोंडाचा, खोल छातीचा आणि खपाटीला गेलेल्या पोटाचा कारवानी कुत्रा ज्यांनी पाहिला असेल, त्यांनी ग्रेहाउंडाची ठेवण पाहिली असे म्हणावयास हरकत नाही. मुधोळ संस्थानच्या घोरपडे राजांनी याच ठेवणीच्या कुत्र्यांना आश्रय दिला, म्हणून त्यांना मुधोळ कुत्रे असे नाव पडले. २००५ साली भारताच्या टपाल खात्याने देशी कुत्र्यांची तिकिटे काढली, त्यांत हा मुधोळ कुत्रा होता.

आता या प्राण्याच्या शरीराकडे पाहू. घोडा भरधाव पळतो तेव्हा एका झेपेत त्याचे चारही पाय एकदाच जमिनीवरून सुटतात. ग्रेहाउंडाचे ते दोनदा सुटतात. एकदा सारे पाय पोटाखाली गोळा झालेले असताना तो हवेत असतो, आणि दुसऱ्यांदा पुढचे पाय पुढे व मागचे मागे पूर्ण ताणलेले असताना हवेत असतो. त्याच्या पाठीचा कणा धनुष्यासारखा वाकतो आणि सुटतो. प्रत्येक सुटण्याबरोबर शरीर पुढे फेकले जाते. देहाच्या मानाने त्याचे हृदय मोठे असते, आणि त्याच्या रक्तात तांबड्या पेशींचे प्रमाण इतर कुत्र्यांहून अधिक असते. त्यामुळे अर्ध्या मिनिटाच्या त्या धावेत स्नायूंना प्राणवायू भरपूर मिळतो. अंगावर चरबी जवळजवळ नसते. तीसएक किलो वजनाचा हा प्राणी ताशी साठ किलोमीटरांच्या आसपास वेग गाठतो. त्याला पळायला शिकवावे लागत नाही. समोर काही पळाले की तो पळतो. त्याच्या पाठीवर स्वार नसतो, हाताशी कुणी चाबूकवाला नसतो. ‘जनावर आपखुशीने पळते’ हे विधान कुणाच्या बाबतीत खरे असेल तर ते याच्या.

माणसाने या स्वभावाचा उपयोग आधी शिकारीसाठी केला आणि मग खेळासाठी. इंग्लंडात उघड्या रानात ससा सोडून त्यावर दोन ग्रेहाउंड सोडण्याचा खेळ फार जुना होता. या खेळात कोण आधी पोचला एवढेच पाहत नसत; सशाला कोणत्या कुत्र्याने किती वेळा वळविले यावर पंच गुण देत. लिव्हरपूलजवळील ऑल्टकार येथे १८३६ पासून वॉटर्लू कप या नावाने या खेळाची सर्वांत मोठी स्पर्धा भरू लागली. आयर्लंडचा मास्टर मॅग्रा हा कुत्रा १८६८, १८६९ आणि १८७१ अशा तीन वर्षी ती जिंकला, आणि व्हिक्टोरिया राणीने त्याला मुद्दाम पाहावयास बोलाविले. पण हा जमीनदारांचा खेळ. त्याला मोठे रान पाहिजे, थंडीचे दिवस पाहिजेत, हाताशी फुरसद पाहिजे. आणि जिवंत ससा पाहिजे. गिरणीतल्या कामगाराला यांपैकी काहीच मिळण्यासारखे नव्हते.

येथे यंत्र पुढे आले. १८७६ साली लंडनजवळ हेंडन येथे सरळ रुळावरून खोटा ससा ओढून त्यामागे कुत्रे सोडण्याचा एक प्रयोग झाला. तो टिकला नाही, आणि कारण उघड आहे. सरळ रेषेत पळविले की जो जात्या वेगवान तोच दर वेळी जिंकणार. मग पाहणाऱ्याला चुरस ती काय राहिली? पुढे अमेरिकेत ओवेन पॅट्रिक स्मिथ नावाच्या गृहस्थाने गोल मार्गावर विजेने धावणारा ससा तयार करण्यात कित्येक वर्षे घालविली, आणि १९१९ साली कॅलिफोर्नियातील एमरीव्हिल येथे असा मार्ग सुरू झाला. वळणे आली तसा खेळ बदलला. वळणावर आतली बाजू कोण धरतो, कोण बाहेर फेकला जातो, कोण कुणाला धडकतो, यांवर निकाल फिरू लागला. २४ जुलै १९२६ रोजी मँचेस्टरच्या बेल व्ह्यू मैदानावर इंग्लंडातील अशी पहिली शर्यत झाली. पुढच्याच वर्षी लंडनच्या व्हाइट सिटी या प्रचंड क्रीडागारात शर्यती सुरू झाल्या, आणि त्याच १९२७ साली तेथे ‘इंग्लिश ग्रेहाउंड डर्बी’ ही मानाची स्पर्धा प्रथम भरली.

ही शर्यत चालते कशी, हे थोडक्यात सांगतो. सहा कुत्रे सहा कप्प्यांच्या पेटीत उभे करतात. प्रत्येकाच्या अंगावर ठरलेल्या रंगाचा पट्टा बांधतात: पहिल्या कप्प्याला तांबडा, दुसऱ्याला निळा, तिसऱ्याला पांढरा, चौथ्याला काळा, पाचव्याला नारिंगी आणि सहाव्याला काळे-पांढरे पट्टे. लांबून पाहणाऱ्याला नावापेक्षा रंग लवकर ओळखू येतो. ससा रुळावरून सरसरत पेटीसमोरून गेला की झडप उघडते. सशाचा वेग उंचावर बसलेल्या एका माणसाच्या हाती असतो. कुत्रे जवळ आले की तो वेग वाढवितो, मागे पडले की कमी करतो. म्हणजे पाहणाऱ्याला वाटते की कुत्रे सशाच्या वेगाने पळत आहेत. वस्तुतः ससाच कुत्र्यांच्या वेगाने पळत असतो. तो कधी सापडत नाही, कारण तो सापडावा अशी योजनाच नसते. सारा खेळ अर्ध्या मिनिटात आटोपतो. दिवसभराचे काम उरकलेला कामगार संध्याकाळी विजेच्या प्रकाशात, थोडक्या पैशांत, घराजवळ हा खेळ पाहू शकत होता आणि त्यावर पैजही लावू शकत होता. या खेळाचे यश या तीन गोष्टींत आहे.

अशा वेळी आयर्लंडच्या एका खेड्यात मिक द मिलर हा कुत्रा जन्मला. किलाय हे ते खेडे. तेथील धर्मगुरू फादर मार्टिन ब्रोफी यांना ग्रेहाउंडांचा नाद होता. १९२६ च्या जूनमध्ये त्यांच्याकडे हे पिल्लू जन्मले, आणि त्यांच्याकडे किरकोळ कामे करणाऱ्या गड्याच्या नावावरून त्याचे नाव ठेवले गेले. वयात येता येता या कुत्र्याला कुत्र्यांचा तो जीवघेणा साथीचा ताप आला. तो त्यातून कसाबसा वाचला. १९२९ साली फादरांनी त्याला लंडनला आणले. डर्बीच्या पहिल्या फेरीतच त्याची धाव पाहून एका पैजवाल्याने त्याला ८०० गिनींना विकत घेतले. याच स्पर्धेत त्याने ५२५ यार्डांचे, म्हणजे सुमारे ४८० मीटरांचे अंतर २९.८२ सेकंदांत तोडले. या अंतराला तीस सेकंदांच्या आत येणारा तो पहिला कुत्रा. सेकंदाला सोळा मीटर पडतात. एवढ्या वेळात आपण सभागृहाच्या दारातून व्यासपीठापर्यंतही पोचणार नाही.

अंतिम शर्यतीत मात्र गोंधळ झाला. कुत्रे एकमेकांवर आदळले, पंचांनी ती धाव रद्द ठरविली, आणि पुन्हा घेतलेल्या धावेत मिक जिंकला. १९३० साली त्याने डर्बी पुन्हा जिंकली. ती दोनदा जिंकणारा तो पहिला कुत्रा ठरला. त्याच काळात त्याने लागोपाठ एकोणीस शर्यती जिंकल्या. १९३१ साली तिसऱ्यांदा तो अंतिम शर्यतीत उतरला आणि पहिला आला. लोकांनी टोप्या उडविल्या. तेवढ्यात पंचांनी जाहीर केले की एका कुत्र्याने दुसऱ्याशी मस्ती केल्यामुळे ही धाव रद्द. पुन्हा धाव घेतली गेली. मिक दमला होता. ‘सेल्डम लेड’ नावाचा कुत्रा जिंकला. दोन वर्षांपूर्वी ज्या नियमाने त्याला डर्बी दिली, त्याच नियमाने ती हिरावून घेतली. त्या वर्षीच्या शरद ऋतूत सेंट लेजर ही लांब अंतराची शर्यत जिंकून तो निवृत्त झाला.

जाणकार सांगत की मिक सर्वांत वेगवान नव्हता. त्याचे वैशिष्ट्य असे की पुढच्या वळणावर गर्दी होणार हे त्याला जणू आधी कळे. तो किंचित मागे राही, फट पडली की आत घुसे. आता कुत्र्याला हे ‘कळत’ होते की नाही, हे कोण सांगणार? पण माणसांना त्यात आपले काही दिसले एवढे खरे. तो काळ मंदीचा होता. लाखो माणसे बेकार होती. खेड्यातून आलेला, मरणातून उठलेला, ताकदीपेक्षा अकलेने जिंकणारा हा कुत्रा त्यांना आपला वाटला. १९३४ साली ‘वाइल्ड बॉय’ नावाच्या बोलपटात त्याने काम केले. १९३९ साली तो वारला. त्याचा देह पेंढा भरून जतन केला गेला, आणि तो इंग्लंडात ट्रिंग येथील वस्तुसंग्रहालयात ठेवलेला आहे.

येथवरची गोष्ट ऐकून कुणी म्हणेल, यात वाईट ते काय? कुत्र्याने आपला स्वभाव जगला, माणसांची करमणूक झाली, म्हातारपण सुखात गेले. मिकपुरते हे खरे आहे. पण एका विजेत्याच्या शेजारी पाच हरणारे असतात, आणि कोणत्याही शर्यतीचा हिशेब विजेत्यावरून मांडू नये. तो हरणाऱ्यांवरून मांडावा.

तो हिशेब असा आहे. माणूस वळणावर पळताना आपोआप वेग कमी करतो. ग्रेहाउंड करीत नाही. तो तोच वेग ठेवून वळतो, आणि त्याचा सारा भार पायांवर येतो. शर्यती नेहमी डावीकडे वळत जातात. म्हणून बाहेरच्या बाजूचा, म्हणजे उजवा मागचा पाय अधिक ताण सोसतो, आणि त्याच्या घोट्याची हाडे मोडतात. खेळात चुरस आणण्यासाठी जी वळणे घातली, तीच जनावराची हाडे मोडतात. हे अपघाताने होत नाही. हे खेळाच्या रचनेतच आहे. ब्रिटनमधील नियामक मंडळाने २०१८ सालापासूनचे आकडे प्रसिद्ध केले, तेव्हा त्या एका वर्षात सुमारे पाच हजार दुखापती आणि नऊशेहून अधिक मृत्यू नोंदलेले आढळले. पुढच्या वर्षांत मृत्यू कमी झाले, हेही नमूद केले पाहिजे. पण आकडे उघड होईपर्यंत किती वर्षे गेली, ते पाहा!

दुसरी गोष्ट वयाची. ग्रेहाउंड साधारण तीन ते पाच वर्षांचा होईतो शर्यतीतून बाद होतो. त्याचे आयुष्य मात्र दहा-बारा वर्षांचे असते. मधल्या सात-आठ वर्षांचे काय? १९७५ साली ब्रिटनमध्ये अशा निवृत्त कुत्र्यांना घरे मिळवून देणारी संस्था निघाली, आणि अनेकांना घरे मिळाली. हा कुत्रा घरात अतिशय शांत असतो. दिवसाचा बराच वेळ झोपून काढतो. परंतु सर्वांचे नशीब तसे नव्हते. २००६ साली उत्तर इंग्लंडातील एक माणूस पैसे घेऊन बाद झालेले ग्रेहाउंड मारून आपल्या जमिनीत पुरीत असल्याचे वृत्त तेथील वर्तमानपत्राने प्रसिद्ध केले. वर्षानुवर्षे चाललेल्या या प्रकारात हजारो कुत्रे गेल्याचे त्यात म्हटले होते. सारा देश हळहळला. पण ते कुत्रे तेथवर चालत गेले नव्हते. त्यांना त्यांच्या धन्यांनीच नेले होते.

या सगळ्याचा परिणाम हळूहळू झाला. व्हाइट सिटीचे क्रीडागार १९८४ साली बंद पडले. डर्बी अजून होते, पण ती एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर फिरत राहिली. रानातल्या सशाची वॉटर्लू कप ही स्पर्धा कायद्याने २००५ नंतर संपली. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात मतदारांनीच २०१८ साली कौल दिला आणि २०२० च्या अखेरीस तेथील शर्यती थांबल्या. न्यूझीलंडच्या सरकारने २०२४ च्या डिसेंबरात आणि वेल्सच्या सरकारने २०२५ च्या फेब्रुवारीत हा खेळ बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. लक्षात घ्या, जेथे ‘प्राणी आपखुशीने पळतो’ हे सर्वांत खरे होते, तेथेच हे घडले. पळण्याची आवड कुत्र्याची होती. परंतु वळणे, पैज, कप्पे, वेळापत्रक आणि बाद करण्याचे वय ही सारी माणसाची होती. प्राण्याची आवड ही माणसाच्या जबाबदारीची पावती होऊ शकत नाही.

आता आपल्या पटाकडे येऊ. पीक घरात आले, थंडी पडली, की विदर्भाच्या गावोगावी पट भरतो. लेकी-जावई येतात, पाहुणे येतात, पूर्वेकडच्या झाडीपट्टीत तर रात्री नाटक होते. पटाची जोडी हा शेतकऱ्याचा अभिमान असतो. तो स्वतः अर्धपोटी राहील, पण तिला सरकी कमी पडू देणार नाही. ही माया खोटी आहे असे मी म्हणणार नाही. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती बंद केल्या, तेव्हा गावांना जे दुःख झाले तेही खोटे नव्हते. महाराष्ट्राने २०१७ साली आपला कायदा केला, १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तात्पुरती मोकळीक दिली, आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या पीठाने हे कायदे वैध ठरविले. पट पुन्हा सुरू झाले.

पण ग्रेहाउंडाशी तुलना केली तर आपली बाजू अधिक अवघड आहे, हे कबूल केले पाहिजे. कुत्र्याचे शरीर पळण्यासाठी घडलेले आहे, बैलाचे ओढण्यासाठी. बैल हा रवंथ करणारा जड प्राणी. तो भरधाव पळतो तो बहुधा भीतीने किंवा वेदनेने, असे २०१४ च्या निकालातही म्हटले होते. कुत्र्यामागे पराणी नसते. बैलामागे ती असण्याची वहिवाट होती. म्हणूनच महाराष्ट्राच्या नियमांनी काठी, चाबूक, टोचणी, विजेचा धक्का यांना बंदी केली, शर्यतीचे अंतर एक हजार मीटरांच्या आत ठेवले, आणि जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी व जनावराची तपासणी आवश्यक केली. नियम भंग झाल्यास दंड आणि कैद, दोन्हींची तरतूद आहे. कायदा आपल्या बाजूने लागला याचा अर्थ प्रश्न सुटला असा नव्हे. याचा अर्थ एवढाच की प्रश्न न्यायालयाच्या हातून आपल्या हाती आला.

तेव्हा पटाला जाणाऱ्या प्रत्येकाने तीन गोष्टी पाहाव्यात, असे मला सुचवावेसे वाटते. सुटण्यापूर्वी धुरकऱ्याच्या हातात काय आहे? धाव संपल्यावर जोडीला कुठे उभे करतात, तिच्या अंगावर वळ आहेत का, तिला पाणी आणि सावली मिळते का? आणि तिसरी, सर्वांत महत्त्वाची: जी जोडी गेल्या वर्षी हरली ती यंदा कोठे आहे? पहिल्या दोन गोष्टी पंच पाहू शकतात, पोलीस पाहू शकतात. तिसरी फक्त गावाला माहीत असते. इंग्लंडातील प्रेक्षकांनी हा तिसरा प्रश्न पन्नास वर्षे विचारलाच नाही. ते दर संध्याकाळी नवे सहा कुत्रे पाहत होते. जुने सहा कुठे गेले हे कुणी पाहत नव्हते. आपल्या गावांचे तसे नाही. येथे बैलाला नाव असते, त्याचा गोठा सर्वांना ठाऊक असतो, पोळ्याला आपण त्याला ओवाळतो. ज्याला वर्षातून एक दिवस ओवाळायचे, त्याची चौकशी उरलेले दिवसही करता येते.

ज्याची आरास करून ठेवतात तो नेहमी विजेताच असतो. ट्रिंगच्या संग्रहालयातही उभा आहे तो मिक. त्याच्यामागे धावलेल्या कुत्र्यांची नावे आज फारशी कुणाला आठवत नाहीत. त्यांची आठवण ठेवणे हे पाहणाऱ्याचे काम होते. आपल्या पटावर ते काम आपले आहे.